बाबांच्या बसचं गाणं : गोव्यातल्या एका इमो बँडची साडेपाच वर्षं

हा बँड २०१७ च्या पावसाळ्यात फोंडा तालुक्यात सुरू झाला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत थांबला. ड्रमर माझा धाकटा भाऊ. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, म्हणून बँडची वही माझ्याकडे आली, मग बुकिंग आलं आणि शेवटी वाटणीही माझ्याच हातून झाली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि माणसांना त्यांच्या वाद्यावरूनच ओळखलं आहे. लिहून झाल्यावर चौघांनी हे वाचलं. गिटारवादकाच्या आईला मी स्वतः वाचून दाखवलं. तिने एक ओळ काढायला सांगितली, ती काढली आहे.

पार्श्वभूमी

गिटारवादक आणि बासवाला फोंड्याला कॉलेजात एका वर्गात होते. गायिका साखळीकडची, लहानपणापासून भजनात गाणारी. माझा भाऊ घुमट या मातीच्या तालवाद्यावर वाढलेला. चवथीच्या आरत्यांना घरोघर फिरायचं, घुमट नाहीतर शामेळ वाजवायचं, हीच त्याची शाळा. ड्रमसेट त्याने अकरावीत पहिल्यांदा जवळून पाहिला.

इमो म्हटलं की आपल्याकडे काळे कपडे आणि डोळ्यांवर आलेले केस आठवतात. ती २००० नंतरच्या व्हिडिओंची देणगी. मूळ प्रकार १९८५ च्या उन्हाळ्यातला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरातला. तिथल्या हार्डकोर पंकच्या, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉकच्या कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या होत्या. त्याला कंटाळलेल्या राइट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस अशा बँडांनी त्याच जोरात स्वतःच्या मनातलं गायला सुरुवात केली. पुढे नव्वदच्या दशकात हे संगीत मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या कॉलेजच्या गावांत पोचलं. तिथे आरडाओरडा कमी झाला आणि गिटार झऱ्यासारखी वाजू लागली. आमच्या पोरांना ओढ होती ती या दुसऱ्या प्रकाराची.

त्यातही एका बँडची. इलिनॉयच्या विद्यापीठातले तीन विद्यार्थी, नाव अमेरिकन फुटबॉल. त्यांचा पहिला अल्बम १९९९ मध्ये आला आणि २००० मध्ये बँड संपला. पण रेकॉर्ड हातोहाती फिरत राहिली, आणि २०१४ मध्ये जुन्या डेमोंसकट ती पुन्हा निघाली तेव्हा ते तिघे परत एकत्र वाजवू लागले. ही कथा आमच्या पोरांना पाठ होती. "बँड गेला तरी गाणी राहतात, ताई," हे मी गिटारवादकाच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. त्या कथेतला एक तपशील आम्ही कुणीच लक्षात घेतला नाही: ती रेकॉर्ड एका लेबलकडे होती, आणि पंधरा वर्षांनी हुडकायला टेपा शिल्लक होत्या.

उभारणी

सराव बासवाल्याच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पंपाच्या खोलीत चाले. बाहेर पोफळी, आत चार माणसं आणि एक उधारीचा अँप. जून ते सप्टेंबर तिथे एवढी ओल असायची की तारा आठवड्यात गंजत आणि गिटारच्या पेटीवर बुरशी धरे. शेवटी एका जुन्या कपाटात चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवला आणि गिटारी त्यात लटकवल्या.

गिटारवादक एका वेगळ्या सुरावटीत गिटार लावायचा: एफ-ए-सी-जी-सी-ई. नेहमीच्या सहा तारांपैकी तीन बदलतात. काही न दाबता मोकळ्या तारा छेडल्या तरी एक अधांतरी, न मिटणारा सूर उमटतो. गायिकेला हे फार लवकर जमलं. तानपुऱ्यासमोर बसायची सवय होती, मोकळ्या तारांवर आवाज सोडणं तिला घरचं वाटलं. ती मराठीत गायची, भजनातल्यासारखा स्वर लांबवायची, आणि मग अचानक सगळे एकदम तुटून पडायचे. मी हिशेबाची बाई, मला संगीतातलं काय कळतं. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मंचावर तीन तारा उतरवून चढवायला दोन-तीन मिनिटं जातात, तेवढ्यात पब्लिक गप्पांना लागतं. म्हणून दुसरी गिटार घेतली. ते बँडचं पहिलं कर्ज, आणि ते माझ्या वहीत "बँड" या नावावर पडलं. बँड म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मीही नाही.

गोव्यात संगीताला तोटा नाही, स्वतःच्या गाण्याला मात्र जागा कमी. हॉटेलं, शॅक, लग्नं यांना ओळखीची गाणी हवी असतात. पण इथे एक जुना धडाही आहे. रेमो फर्नांडिस यांनी ऐंशीच्या दशकात शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी रेकॉर्ड केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकली. आमच्या पोरांनी तेच केलं, फक्त स्कूटरच्या जागी फोन होता. पाच गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, २०१८ मध्ये निघाली. ड्रम एका ओळखीच्या स्टुडिओत, बाकी सगळं पंपाच्या खोलीत. दोन गाण्यांत माझ्या भावाने घुमट वाजवलं. एकात ट्रम्पेट आहे, तो वाजवला शेजारच्या गावातल्या बँडवाल्याने. फेस्ताला, लग्नाला आणि मयताला वाजवणारा पन्नाशीचा माणूस, चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून म्हणणं, शिकलेला. एका दुपारी आला, दोनदा वाजवलं, चहा घेतला, गेला.

एका नियमाने आमचा फायदा झाला. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. त्यामुळे एका कॅफेने मुख्य बँडला आठची वेळ दिली आणि आम्हाला साडेसहाची. पर्यटक त्या वेळेला किनाऱ्यावर असत. पण कॉलेजची मुलं यायची, कारण कार्यक्रम संपवून शेवटची कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस, पकडता येई. २०१९ च्या हिवाळ्यापर्यंत ती मुलं शब्दन् शब्द सोबत गाऊ लागली. सगळ्यात मोठ्याने ती गायची बसचं गाणं.

ते गाणं

गिटारवादकाचे वडील कदंबवर कंडक्टर होते. मुलगा त्याच मार्गावरून कॉलेजला जायचा. मित्र सोबत असले की मागच्या सीटवर बसायचा आणि वडील तिकीट मागायला आले की अनोळख्यासारखे पैसे पुढे करायचा. वडीलही काही न बोलता तिकीट फाडून द्यायचे. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, २०१८ च्या सुरुवातीला ते वारले. गाणं त्यानंतर महिन्याभरात लिहिलं गेलं. शब्द पूर्ण त्याचे. चाल गायिकेची. ट्रम्पेट शेवटी येतो, बस वळणावर दिसेनाशी व्हावी तसा.

या गाण्यात त्यांच्या घरातली एक गोष्ट होती जी त्याच्या आईला ठाऊक नव्हती. तिने ते पहिल्यांदा ऐकलं एका नातेवाइकाच्या फोनवर, बारशाच्या घरात. संध्याकाळी तिने मुलाला एवढंच विचारलं, "हे गावाला सांगायच्या आधी मला सांगता आलं नसतं?"

माझ्या मते पहिला निर्णयाचा क्षण इथे होता, आणि तो आमच्या हातून कधीच निसटला होता. इमोचा कच्चा माल म्हणजे खरं दुःख, आणि ते क्वचितच एकट्याचं असतं. रेकॉर्डिंगपूर्वी आम्ही माइक कुठला यावर दोन दिवस घालवले. आईला ऐकवायचं का, यावर दोन मिनिटंही नाही.

समस्या

२०२० मध्ये सगळं बंद झालं. कार्यक्रम गेले, पण बसचं गाणं पसरलं. लोक घरात अडकले होते, आणि आई-वडिलांच्या आठवणींच्या व्हिडिओंमागे ते वाजू लागलं. २०२१ च्या अखेरीस पर्यटक परतले आणि किनारपट्टीवरच्या एका हॉटेलाने पूर्ण हंगामाचा करार पुढे केला. नोव्हेंबर ते मार्च, आठवड्यातून चार रात्री, प्रत्येकी पाऊण तासाचे तीन सेट. बहुतेक ओळखीची इंग्रजी-हिंदी गाणी, आणि दर रात्री "ते मराठी गाणं".

रक्कम बासवाल्याच्या घरच्या वर्षाच्या सुपारीच्या उत्पन्नाहून जास्त होती. त्याच्या वडिलांचं कर्ज होतं, आणि तो हे लपवत नव्हता. गायिकेला गायचं होतं, कुठेही, रोज. माझा भाऊ दोघांच्या मधे. गिटारवादक गप्प. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही होकार धरला.

समोर असलेले पर्याय

पूर्ण नकार द्यायचा, हा एक पर्याय होता. तसं केलं असतं तर बासवाला त्याच महिन्यात दुसऱ्या बँडात गेला असता. त्यात त्याची चूक नसती.

पूर्ण होकार, जसा करार आला तसा. हे सर्वात सोपं होतं.

तिसरा मार्ग मी सुचवला होता आणि आजही मला तोच योग्य वाटतो: हॉटेलसाठी वेगळं नाव घ्यायचं. तीच माणसं, पण दुसरं नाव, फक्त इतरांची गाणी. स्वतःची गाणी स्वतःच्या नावाने, महिन्यातून एकदा, कॅफेत. गोव्यात अनेक वादक असं करतात. उत्सवातल्या मराठी नाटकाला साथ करणारा माणूस दुसऱ्या रात्री लग्नात वाजवतो, त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. हॉटेलाला मात्र ते गाणं हवंच होतं. मग मीही रेटलं नाही.

चौथा पर्याय कुणाच्या डोक्यात आला नाही, तो फार उशिरा सुचला: बसचं गाणं काही काळ विसाव्याला ठेवायचं. शब्द लिहिणाऱ्याला विचारायचं, तुला हे अजून झेपतं का.

काय केलं

तडजोड झाली. करार घ्यायचा, पण बसचं गाणं आठवड्यातून एकदाच. हे हॉटेलच्या व्यवस्थापकाशी तोंडी ठरलं. लेखी करारात "दर रात्री" तसंच राहिलं. मी सही करण्यापूर्वी ते वाचलं होतं. पतसंस्थेत समोरच्याला कागद पुरा वाचायला लावणारी मी, इथे "बोलणं झालंय ना" म्हणून पुढे सरकले. ही माझी चूक आहे आणि ती छोटी नाही.

पहिला हंगाम निभावला. दुसऱ्या हंगामात व्यवस्थापक बदलला, नव्याने कागद दाखवला. दर रात्री म्हणजे दर रात्री. जानेवारी २०२३ मध्ये एका टेबलावर वाढदिवस होता. कडव्याच्या ऐन मधे, जिथे वडील तिकीट फाडून देतात, तिथे केक कापला गेला, टाळ्या, शिट्ट्या. त्या लोकांचा काही गुन्हा नव्हता. त्यांना भाषाच कळत नव्हती. गिटारवादकाने गाणं पुरं केलं, सेट पुरा केला, तारा पुसल्या, गिटार पेटीत ठेवली. परतीच्या गाडीत, बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "हे गाणं मी यापुढे वाजवणार नाही. कुणी वाजवूही नये."

"तू नको वाजवू," गायिका म्हणाली, "पण चाल माझी आहे."

त्या एका वाक्यात सगळं उघडं पडलं. त्या रात्री मला कळलं की कुणाचं काय आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही. गाणी इंटरनेटवर चढवणाऱ्या कंपनीकडचं खातं बासवाल्याच्या खासगी ईमेलवर होतं. पैसे त्याच्या बँकेत येत, तो प्रामाणिकपणे मला देत असे, पण कायद्याच्या नजरेत ते त्याचे होते. प्रत्येक वाद्याचा आवाज सुटा ठेवलेल्या ट्रॅकांची हार्ड डिस्क पंपाच्या खोलीत होती, आणि दोन पावसाळे ती कुणी उघडली नव्हती. उघडली तेव्हा ती फिरलीच नाही. दुरुस्तीवाल्याने आतला गंज दाखवला.

आम्ही ओळखीच्या वकिलीणबाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते दर नव्या बँडने पहिल्या दिवशी ऐकावं असं मला वाटतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणं ही एक वस्तू नाही. शब्द लिहिणाऱ्याचे. चाल रचणाऱ्याची. रेकॉर्डिंग त्याचं, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते केलं. इथे बँडच्या पैशातून झालं म्हणून सर्वांचं. वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क आणखी वेगळे. नोंदणी केली नाही तरी हे हक्क असतात. म्हणजे गायिका चाल आळवू शकते, ते शब्द जाहीरपणे त्याच्या परवानगीशिवाय गाऊ शकत नाही, आणि तोही तिच्या चालीत ते शब्द एकट्याने वापरू शकत नाही. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं गाणं बंद पाडू शकत होतं.

पैशाचं वेगळंच. चार जण मिळून धंदा करतात, नफा वाटून घेतात, तर कागद नसला तरी ती भागीदारी ठरू शकते, आणि १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो की काही ठरलं नसेल तर नफा-तोटा समान. तोटाही. दुसऱ्या गिटारचं उरलेलं कर्ज आणि हंगाम अर्ध्यावर सोडल्याबद्दल हॉटेलने कापलेली रक्कम, दोन्ही चौघांवर सारखी पडली.

बैठक आमच्या सोप्यावर झाली. चार तास. ओरडाआरडा झाला नाही, आणि तेच जास्त जड गेलं. दोन पानी करार झाला: बँडचं नाव कुणीही एकट्याने वापरायचं नाही, प्रत्येक गाण्याचे पैसे त्या गाण्याच्या शब्द, चाल आणि वादनाप्रमाणे वाटायचे, बसचं गाणं गिटारवादकाच्या लेखी संमतीशिवाय मंचावर नाही. खातं नव्या, चौघांच्या ईमेलवर हलवलं. इंटरनेटवरून गाणं उतरवायचं का, हा निर्णय गिटारवादकाने आईवर सोडला.

ती दोन दिवसांनी आमच्याकडे आली. म्हणाली, "गाणं असू दे. पोरीने मन लावून म्हटलंय. पण त्यावर ह्यांच्या पिशवीचा फोटो आहे, तेवढा काढा." मुखपृष्ठावर वडिलांची चामड्याची तिकिटांची पिशवी होती. ती आम्ही बदलली. आता तिथे रिकामा रस्ता आहे.

परिणाम

फेब्रुवारीत कॅफेत शेवटचा कार्यक्रम झाला, साडेसहालाच. बसचं गाणं त्यात नव्हतं. मुलांनी मागितलं, गायिकेने हात जोडले आणि पुढचं सुरू केलं. त्या क्षणी तिच्याबद्दल मला जेवढा आदर वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

बासवाला आता क्रूझ जहाजावर वाजवतो, वडिलांचं कर्ज फिटलं. गायिका नाट्यसंगीताकडे वळली आहे. माझा भाऊ नोकरी करतो आणि चवथीला घुमट घेऊन फिरतो. गिटारवादकाने वर्षभर गिटार उघडली नाही. गेल्या पावसाळ्यात त्याने कपाटातला बल्ब बदलायला मला फोन केला होता, म्हणजे बहुधा उघडणार असावा.

करारातली एक चूक नंतर कळली. पैसे गाण्यागणिक वाटायचं आम्ही ठरवलं, कारण ते न्याय्य दिसत होतं. पण २०२४ पासून स्पॉटिफाय बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे देत नाही. पाचपैकी दोन गाणीच ती रेघ ओलांडतात. बासवाल्याने लिहिलेलं गाणं, जे मला सर्वात आवडतं, त्याला शून्य मिळतं. सगळ्या गाण्यांचा एकच गल्ला ठेवून चौघांत वाटला असता तर हे झालं नसतं. बसच्या गाण्याच्या रकमेतून त्याला काही द्यावं असं गिटारवादकाने आपणहून सांगितलं, आणि तो ते देतो.

वेगळं काय करता आलं असतं

रेकॉर्डिंगच्या दिवशी एक कागद. कुणाचे शब्द, कुणाची चाल, कुणी काय वाजवलं, सह्या, तारीख. पंधरा मिनिटं लागतात, आणि त्या दिवशी सगळे खुशीत असतात, म्हणून भांडण होत नाही. मी त्या कागदाबद्दल "पैसे आले की बघू" म्हणाले होते. पैसे आल्यावर तोच कागद संशयाचा होतो.

ट्रॅकांच्या तीन प्रती, एक तरी दुसऱ्या गावी. कोकणात ओलीला गृहीत धरूनच चालावं लागतं.

हॉटेलच्या करारात एका गाण्याचं नाव घालायला नको होतं. गाण्यांची यादी बँड ठरवेल, एवढं वाक्य पुरेसं होतं. ते नाही म्हणाले असते तर वेगळ्या नावाचा आग्रह मी शेवटपर्यंत धरायला हवा होता.

आणि आईला आधी ऐकवायचं. तिने नाही म्हटलं असतं तर? मला वाटतं तिने एखादी ओळ बदलायला सांगितली असती आणि बाकी सोडलं असतं, जसं या लेखाबाबत केलं. पण नाही म्हणण्याची मुभा खरी असायला हवी होती, नाहीतर विचारण्याला अर्थ उरत नाही.

आम्हा पाचही जणांकडून एक माणूस मात्र कागदावर यायचाच राहिला. करार करताना चौघांनी आपापली नावं लिहिली. ट्रम्पेटवाल्याचं नाव कुणालाच आठवलं नाही. वर्षभराने हिशेब जुळवताना मला ते खटकलं. सर्वांशी फोनवर बोलून त्याचा वाटा काढला आणि मागच्या पैशांसह मी त्याच्या घरी गेले. त्याने पाकीट बाजूला ठेवलं आणि विचारलं, त्या गाण्यातला फक्त ट्रम्पेटचा भाग मिळेल का, गावातल्या पोरांना शिकवायचा होता. मी हार्ड डिस्कची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग आतून पाच रेघांची वही आणली आणि तोंडाने सूर म्हणत ते बारा-चौदा मात्रांचं वाजवणं पेन्सिलीने उतरवून काढलं. एका जागी अडला, रबराने पुसलं, पुन्हा लिहिलं. वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं. खाली त्याने सही केली होती आणि तारीख घातली होती.